मुख्य वाक्य आधी

आमच्या स्वयंपाकघरात गॅस गळत होता, तेव्हा मी धावत जाऊन समोरच्या नाचणकर सरांचं दार ठोठावलं. दार उघडायचा अवकाश, मी सुरू झाले. "सर, अहो मी डाळ लावली होती, तर ही अश्विनी म्हणते, आई कसला तरी वास येतोय. म्हटलं खाली शाहभाईंच्या दुकानात मिरच्या आल्या असतील, कारण परवासुद्धा..."

सरांनी हात वर केला. "वहिनी, मुख्य वाक्य आधी."

"गॅस गळतोय!"

"हं, आता कळलं," म्हणत सर अनवाणीच आमच्या घरात घुसले, रेग्युलेटर बंद केला, खिडक्या उघडल्या, अश्विनीला जिन्यात पिटाळलं. सगळं शांत झाल्यावर ओट्याला टेकून घाम पुसत मला म्हणाले, "बाकीचा तपशील वाईट नव्हता. मिरच्या तर छानच होत्या. पण तपशील आधाराला येतो वहिनी, दार उघडायला येत नाही."

मी तेव्हा रडायच्या बेतात होते. जीव जायची वेळ आली तरी या माणसाला परिच्छेद सुचतो, हे मी दिवसभर बिल्डिंगमध्ये सांगत फिरले. आणि गंमत बघा, प्रत्येक दारात मी सुरुवात "आज आमच्याकडे गॅस गळला" अशीच केली.

ही नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. मुंबईतली भाड्याची खोली सोडून आम्ही भाईंदर पूर्वेला, नवघरला नवीन बिल्डिंगमध्ये राहायला आलो होतो. आमच्या गच्चीवरून एका बाजूला गावातली कौलं आणि गोठे दिसायचे, दुसऱ्या बाजूला पार जेसल पार्कापर्यंत बांधकामांचे बांबू. तिसऱ्या मजल्यावर आमच्यासमोर नाचणकर सर. जवळच्याच शाळेत आठवी ते दहावीला मराठी शिकवायचे. उंच, काटकुळे, खिशात नेहमी खडूचे तुकडे. मूळचे रत्नागिरीकडचे. पण ऐन तरुणपणी इथल्या गावशाळेवर मास्तर म्हणून आले ते इथलेच झाले. बायकोही नवघरचीच केली, आगरी घरातली. हिराकाकू.

मराठीचे मास्तर मी पुष्कळ पाहिले होते. कोणाला व्याकरणाचं वेड, कोणाला कवितेचं. सरांना वेड परिच्छेदाचं. मराठी भाषेत परिच्छेदापेक्षा मोठं काही नाही आणि लहान कशाला काही अर्थ नाही, असं त्यांचं मत. निबंध लिहायला त्यांनी वर्षाच्या अखेरीपर्यंत मुलांना परवानगीच दिली नाही. "एक खोली नीट बांधता येत नाही आणि चाळ कसली बांधताय?" असं विचारायचे.

त्यांचं शास्त्र साधं होतं. परिच्छेदाचं पहिलं वाक्य म्हणजे दारावरची पाटी. आत कोण राहतं, ते तिथे कळलं पाहिजे. "पाटीवर नाचणकर आणि आत शाहभाई निघाले, तर पोस्टमननं काय करायचं?" मधल्या वाक्यांनी पहिल्या वाक्याला आधार द्यायचा आणि प्रत्येकानं मागच्याचा हात धरून यायचं. शेवटच्यानं दार ओढून घ्यायचं. आणि एखादं वाक्य कितीही सुंदर असलं, पण या घरातलं नसलं, तर सर म्हणायचे, "हे वाक्य पाहुणं आहे. चहा पाजा आणि वाटेला लावा."

हे नुसतं फळ्यावर लिहून ते थांबले असते, तर मी त्यांच्यावर एक ओळसुद्धा लिहिली नसती. सर परिच्छेद उभा करायचे. म्हणजे खरोखर उभा करायचे. पाच मुलांना वर्गापुढे रांगेत उभं करायचं, एकेकाला एकेक वाक्य द्यायचं आणि ओळीनं म्हणायला लावायचं. मग सर एका मुलाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणायचे, "काढून बघा." तो मुलगा बाजूला झाला की उरलेल्यांनी पुन्हा म्हणायचं. अर्थ लागला, काही अडलं नाही, तर तो मुलगा बाकावर जाऊन बसायचा, कारण त्याचं वाक्य फुकटचं. अडलं, तर त्यानं मानानं परत रांगेत यायचं. आमच्या बिल्डिंगमधली पोरं संध्याकाळी घरी आल्यावर आनंदानं ओरडत जिना चढायची, "आई, आज मला काढता नाही आलं!" खो-खोत जिंकून आल्यासारखी ऐट असायची. शाळेत सरांचं नाव 'काढून-बघा सर' असंच पडलं होतं.

एका बाबतीत मात्र सर भयंकर कडक. वर्गात गावातली मुलं होती, उत्तनकडून येणारी होती, गुजराती होती, उत्तर प्रदेशातली होती. सर सांगायचे, आधी घरी बोलता तसं बोला, मग लिहू. कोणी 'हाय-न्हाय' करत सांगायला लागलं आणि दुसरं कोणी फिस्सकन हसलं, की सर खडू खाली ठेवायचे. रागावायचे नाहीत. खिडकीजवळ जाऊन उभे राहायचे आणि तास संपेपर्यंत एक शब्द बोलायचे नाहीत. अश्विनी म्हणायची, त्यापेक्षा छडी परवडली.

आमच्या अश्विनीनं आठवीत 'माझी आई' लिहिलं होतं. माझी आई खूप कष्ट करते. तिला पोपटी रंग आवडतो. बाबा बँकेत आहेत. आई मला आवडते. सरांनी पोपटी रंग बाकावर बसवला आणि माझ्या नवऱ्याला दुसऱ्या परिच्छेदात पाठवलं. "कष्ट तर सगळ्यांच्याच आया करतात," ते तिला म्हणाले. "तुझ्याच आईच्या दारावर लागेल अशी पाटी आण." पोरगी आठवडाभर माझ्याकडे टक लावून बघत होती. मला वाटलं, हिला बरं नाही. शेवटी जे लिहून नेलं, ते मला आजही पाठ आहे.

'माझ्या आईला टँकरचा आवाज सगळ्या गाड्यांतून ओळखू येतो. पोळी तव्यावर असताना ती एकदम मान वर करते. आम्हाला तोवर काहीच ऐकू आलेलं नसतं. ती गॅस बारीक करून दोन कळशा घेऊन जिन्यात पोचलेली असते. मग टँकर कोपऱ्यावर वळतो आणि बाकीच्या बायका खिडक्या उघडतात.'

वर्गात पाचही वाक्यं उभी राहिली आणि एकही काढता आलं नाही. सरांनी खाली लाल शाईनं 'आई उभी राहिली' एवढंच लिहिलं होतं. मला अभिमान वाटला आणि थोडा रागही आला. एवढी वर्षं संसार केला आणि पोरीला काय दिसलं, तर कळशा! पण खोटं काय होतं त्यात?

शाळेपुरतं हे वेड राहिलं असतं तर ठीक. पण सर बिल्डिंगलाही वर्गच समजायचे. आमचे चेअरमन शाहभाई, खाली ज्यांचं किराणा दुकान होतं, त्यांनी एकदा नोटीस लावली. तिच्यात मेंटेनन्स, गच्चीवरचे पापड, कोणाचं तरी हरवलेलं मांजर आणि होळीची वर्गणी हे सगळं एकाच दमात आलं होतं. सरांनी रात्रीत कात्री घेऊन तिचे चार तुकडे केले आणि चार टाचण्यांनी वेगवेगळे लावले. शाहभाई आधी चिडले. मग म्हणाले, "पण साला वर्गणी आली हां, भाभी. पहिल्यांदा पूरी आली."

मला मात्र सरांच्या दोन गोष्टी खटकायच्या, आणि त्या मीच नाही, सगळी बिल्डिंग बोलायची. एक म्हणजे सर कधी कोणाला घरात घेत नसत. पालक येवोत, चेअरमन येवोत, सर दार लोटून बाहेर जिन्यात यायचे आणि तिथेच उभ्यानं बोलायचे. चहा नाही, बसा नाही. दुसरी गोष्ट हिराकाकू. त्या कोणाशी बोलायच्याच नाहीत. टँकरच्या रांगेत भेटल्या तर हसायच्या, मान हलवायच्या, कळशी भरली की चालू लागायच्या. आमच्या मजल्यावर सगळ्यांनी निष्कर्ष काढून ठेवला होता, सर कंजूस आहेत आणि त्यांनी बायकोला बोलायची बंदी केलीय. "तिचं वाक्य काढून बघितलं असेल," असंही कोणी तरी म्हणालं होतं. मीच म्हणाले असेन. जीभ माझीच तशी आहे.

आता पाण्याचं सांगते. नळाची लाईन आमच्या कोपऱ्यापर्यंत आली होती आणि रस्त्याच्या पलीकडे थांबली होती. पलीकडच्या बिल्डिंगला नळ, आम्हाला बोअरिंग. बोअरिंगचं पाणी खारट. त्यात डाळ शिजायची नाही, साबणाला फेस यायचा नाही. पिण्याचं पाणी टँकरनं, आणि ते कळशांनी तीन-चार मजले चढवायचं. त्यात हिराकाकूंचे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगून टाकलं, जिन्यात वजन उचलायचं नाही. मग सर पाणी आणायला लागले. सरांनी आणलेली बादली वर पोचेपर्यंत अर्धी व्हायची, कारण वाटेत जो भेटेल त्याच्याशी ते हात हलवून बोलायचे. शेवटी काकूच लपून-छपून भिंतीला धरून उतरायच्या.

एक दिवस सरांनी जिन्यात मला सांगितलं, "दिवाळीपर्यंत नळ आला नाही तर घर विकतोय. रत्नागिरीला जातो. तिथे मागल्या दारी विहीर आहे."

"आणि काकू?"

"ती काय बोलणार," सर म्हणाले आणि आत गेले.

मला रात्रभर चैन पडलं नाही. सर गेले तर पोरांचं काय, हा विचार होताच. पण काकू जन्मल्या नवघरमध्ये, वाढल्या नवघरमध्ये. गावात त्यांचे भाऊ, भाचरं, देवीची जत्रा. या वयात त्या माउलीनं एका विहिरीसाठी सगळं सोडून परक्या गावी जायचं? मी सकाळीच शाहभाईंना गाठलं आणि मुख्य वाक्य आधी सांगितलं. "सर चाललेत. नळ आणा."

पाण्याच्या कचेरीत आम्ही आधीही जाऊन आलो होतो. पण कसे? पंधरा माणसं एकदम आत घुसायची आणि एकदम बोलायची. कोणी पाण्याचं, कोणी गटाराचं, कोणी बिल्डरला शिव्या. साहेब सगळ्यांना हात जोडून म्हणायचे, बघतो. आणि बघायचे नाहीत. या वेळी सर म्हणाले, "पंधरा नको. चारच जा. परिच्छेद घेऊन जा."

आणि बिल्डिंगखाली, स्कूटर बाजूला सारून, सरांनी आमचा परिच्छेद उभा केला. पहिलं वाक्य शाहभाईंचं. 'आमच्या बिल्डिंगला नळाचं पाणी हवं आहे, आणि नळ रस्त्यापलीकडे आला आहे.' दुसरं माझं, बोअरिंगच्या पाण्यात डाळ शिजत नाही याबद्दल. तिसरं पहिल्या मजल्यावरच्या दुबेजींचं. ते इलेक्ट्रिशियन, बोलणार हिंदीत, पण सर म्हणाले भाषा कुठलीही चालेल, जागा सोडायची नाही. त्यांच्या वाक्यात बिल्डिंगचं नाव आणि पत्ता होता. आणि चौथं, दार ओढून घेणारं वाक्य, सरांनी हिराकाकूंना दिलं. 'एवढी कृपा करावी, ही विनंती.'

आम्ही एकमेकांकडे बघितलं. शाहभाई हळूच म्हणाले, "सर, काकी बोलशे?"

"बोलेल."

मग तालीम. सरांनी मला काढून बघितलं आणि परिच्छेद मजेत उभा राहिला. माझ्याशिवाय काही अडत नाही म्हणून मी फणफणले, तेव्हा त्यांनी माझं वाक्य बदलून दिलं. दुबेजींना काढून बघितलं, परिच्छेद कोसळला. दुबेजी दिवसभर छाती काढून फिरत होते. मग मी म्हटलं, सर, काकूंना काढून बघा ना. काकू बाजूला झाल्या, आम्ही तिघांनी म्हणून दाखवलं. खरं सांगायचं तर काही अडलं नाही. विनंती नसली तरी मागणी कळत होती.

"अडलं," सर म्हणाले.

"कुठे अडलं?"

"मला अडलं. ती शेवटीच राहणार." आणि पुढची तालीम सुरू केली. आपला नियम सरांनी स्वतः मोडलेला मी पहिल्यांदाच बघत होते.

सोमवारी आम्ही गेलो. आम्ही चौघं टेबलापुढे रांगेत, सर दाराशी. "लिहिणारा परिच्छेदात उभा राहत नसतो," असं त्यांचं म्हणणं. शाहभाईंनी घसा खाकरून पहिलं वाक्य सुरेख म्हटलं. साहेबांनी मान वर केली आणि विचारलं, "कुठली बिल्डिंग?"

आता आली का पंचाईत! बिल्डिंग तिसऱ्या वाक्यात होती. तिसरं वाक्य दुबेजींचं. आणि माझं दुसरं अजून व्हायचं होतं. दुबेजी जागा सोडायला तयार नाहीत. ते माझ्याकडे बघताहेत, शाहभाई माझ्याकडे बघताहेत. मी घाईघाईनं म्हणून टाकलं, "बोअरिंगच्या पाण्यात आमची डाळ दोन-दोन तास शिजत नाही, आणि पोरं न जेवता शाळेत जातात!"

"बाई, मी बिल्डिंग विचारली. डाळ नाही."

मग दुबेजींनी श्वास भरून नाव, पत्ता, खुणेचं पिंपळाचं झाड, सगळं एका दमात म्हटलं. "किती फ्लॅट?" साहेबांनी विचारलं. हे परिच्छेदात कुठेच नव्हतं. शाहभाई चेअरमन, त्यांना आकडा झोपेत माहीत, पण त्यांचं वाक्य होऊन गेलेलं. आम्ही चौघांनी एकदम वळून दाराकडे पाहिलं. सर कानापर्यंत लाल झाले होते. इतकी वर्षं शिकवताना, वाचणारा मध्येच प्रश्न विचारेल, हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"तुम्हाला कोणी पाठ करून पाठवलंय का?" साहेब हसले आणि म्हणाले, "ठीक आहे, बघतो." त्यांनी फोनचा रिसीव्हर उचलला. संपलं. मला डोळ्यापुढे ट्रकमध्ये चढणारं सरांचं कपाट दिसलं.

"सायेब, तुमी मासे खाता ना?"

आधी कळलंच नाही कोण बोललं. हिराकाकू होत्या. आवाज चांगला खणखणीत.

साहेबांचा हात तसाच. "खातो. का?"

"मंग आयतवारी आमच्या घरी जेवाला या. जिताड्याचं कालवन करीन. पानी तेवडं तुमचं घेऊन या."

साहेब हसले. त्यांचा शिपाईही हसला.

"हसू नका सायेब. मी इथलीच हाय, नवघरची. माज्या बापाच्या घरी कुनी बी आला तं आदी पान्याचा तांब्या पुढं, मंग नाव इचारायचं. आता माज्याच घरान पावन्याला द्याला धड पानी न्हाय. टँकरचा पानी आमालाच पुरत न्हाय, आन खारा कसा देऊ? म्हनून मी कुनाला घरान घेतच न्हाय. मास्तरांना सांगते, भायेरच बोला. लोकां म्हंतान मास्तर कंजूस हाय." इथे काकूंनी आमच्याकडे नुसतं बघितलं. "मास्तर न्हाय कंजूस. पावना तसाच तहानेला परत जातो, त्याची लाज मना वाटते. तुमी गाव चालवता. तुमाला न्हाय वाटत?"

मला जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं होतं. साहेबांनी रिसीव्हर खाली ठेवला. मग म्हणाले, "काकी, बिल्डिंगचं नाव पुन्हा सांगा." दुबेजींनी पुन्हा म्हटलं, पिंपळाच्या झाडासकट.

परत येताना शाहभाई आणि दुबेजी काकूंना मध्ये घेऊन, कोण काय बोललं याची उजळणी करत पुढे चालले होते. सर मागे रेंगाळत होते. त्यांचा परिच्छेद तर पुरता झोपला होता. मला वाटलं, त्याचं वाईट वाटत असेल. मी जरा चिडवत म्हटलं, "सर, काकूंनी तर ठरलेलं वाक्य टाकूनच दिलं."

"ठरलेलं नव्हतंच," सर म्हणाले. "ते तुमच्यासाठी होतं. तिला मी सांगितलं होतं, तुला हवं ते बोल. वाटलं नाही तर नको बोलूस. नुसती उभी राहिलीस तरी चालेल."

मग काही पावलं गेल्यावर, माझ्याकडे न बघता, ते बोलायला लागले. लग्न झाल्या झाल्या शाळेच्या मास्तरांचं स्नेहभोजन होतं. सगळे जोडीनं आलेले. हिरा तिथे काही तरी सांगत होती. लांबलचक, हातवारे करून, मध्येच दुसऱ्या गोष्टीत शिरून पुन्हा पहिलीवर येत. सगळे ऐकत होते. आणि सर तेव्हा नवे मास्तर, त्यांना आपली हुशारी दाखवायची होती. "मी हसून म्हणालो, अगं, मुद्दा काय? सगळे हसले. तीही हसली. आणि वहिनी, त्यानंतर चारचौघांत ती बोललीच नाही. मी माफी मागितली, समजावलं, सगळं केलं. घरात बोलते. पण तिसरा माणूस आला की गप्प. काय सांगत होती त्या दिवशी, तेही मला आठवत नाही. मी ऐकतच नव्हतो, मुद्दा शोधत होतो."

पुढे शाहभाई खो-खो हसत होते. काकूंनी त्यांना साहेबांची नक्कल करून दाखवली असावी.

"आज बोलली," सर म्हणाले. "काय बोलली! एक वाक्य जागेवर नव्हतं. आणि काढून बघा एखादं, आहे हिंमत?" त्यांचे डोळे भरून आले होते आणि मान अशी ताठ होती, की दहावीचा निकाल लागतानाही मी ती तशी पाहिली नव्हती.

साहेब खरंच रविवारी आले. सोबत शिपाई, आणि शिपायाच्या हातात पाण्याचा कॅन. जिताडा खाल्ला, काकूंना दोनदा कालवण मागितलं, आणि उतरताना रस्त्याच्या कडेला वाकून लाईन कुठून ओलांडता येईल ते बघून गेले. नवरात्र संपता संपता रस्ता खोदला. दिवाळीच्या आधी, एका दुपारी, नळ खोकला, गढूळ थुंकला आणि मग स्वच्छ वाहायला लागला. आम्ही बायका जिन्यात येऊन एकमेकींना मिठ्या मारत होतो. आमच्या बिल्डिंगचा नळ! रत्नागिरीचा विषय सरांनी पुन्हा काढला नाही.

त्या आठवड्यात हिराकाकूंनी सगळ्या बिल्डिंगला घरी बोलावलं. सरांचं घर आतून आम्ही पहिल्यांदाच बघत होतो. स्वच्छ, साधं, भिंतीला पुस्तकं. दारात काकू तांब्या घेऊन उभ्या, आणि आत येणाऱ्या प्रत्येकाला पाणी. तहान नाही म्हणायची सोय नव्हती. शाहभाई तर नमस्कार करून तीन पेले प्यायले.

जेवणं झाली आणि काकूंनी सांगायला सुरुवात केली. बापाचं मिठागर कसं होतं, बायका टोपल्यांनी मीठ कशा वाहायच्या, एका बाईच्या नथीचं काय झालं, नथीवरून भावाचं लग्न, लग्नावरून वाजंत्रीवाला, त्याचं गाढव, आणि गाढवावरून पुन्हा मिठागर. शाहभाभी, मी, दुबेजींची बायको, सगळ्या तोंडाचा आ करून ऐकत होतो. एकदा मीच गोंधळले, पण विचारायची छाती झाली नाही. सर दाराजवळच्या खुर्चीत बसले होते.

गोष्ट अमावस्येच्या भरतीवर आली होती. पाणी चढतंय, बांधावर बाप एकटा, आणि बोलता बोलता काकूंची नजर सरांकडे गेली. काकू थांबल्या. पदर सावरून एकदम म्हणाल्या, "जाऊ दे. लांबलं."

सर खुर्ची उचलून पुढे घेऊन आले, आमच्यात, अगदी काकूंच्या समोर बसले आणि म्हणाले, "लांबू दे. भरती आली, बाबा बांधावर एकटे. मग गं?"